वाई क्षेत्रांतील वास्तु व त्यांची कागदोपत्रीं साक्ष

सातारा जिल्ह्यांत कृष्णेच्या तीरीं वसलेलें वाई हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस नवें नाहीं. महाबळेश्वरास किंवा पांचगणीस जाणारा प्रवासी पसरणीचा घाट चढण्यापूर्वीं येथें थांबतो, ढोल्या गणपतीचें दर्शन घेतो, सवड असल्यास मेणवलीचा वाडा पाहतो व पुढें जातो. त्यास येथें जें सांगण्यांत येतें तें बहुतेक ऐकीव असतें. वाईंतील प्रेक्षणीय स्थळांची यादी देण्याचा आमचा हेतु नाहीं. तशा याद्या पुष्कळ झाल्या आहेत. लोकपरंपरा, वास्तु व कागद या तीन साक्षीदारांपैकीं कोण कोठवर बोलतो, आणि एकाची साक्ष दुसऱ्याच्या साक्षीनें कशी पडताळून पाहतां येते, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे. जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस त्या अनुषंगानें एक विनंतिही करावयाची आहे. ती शेवटीं येईल.

वाईचा एक विशेष असा कीं, या गांवास दुसऱ्या गांवाच्या नांवानें ओळखण्याची चाल पडून गेली आहे. भाविक त्यास दक्षिणकाशी म्हणतात. पौराणिक परंपरा हीच विराटनगरी असें सांगते, आणि आसमंतांतील वैराटगड व पांडवगड या किल्ल्यांचीं नांवें पुराव्यादाखल पुढें करिते. अलीकडे चित्रपटांनीं यांत भर घातली आहे. २००३ सालच्या 'गंगाजल' या चित्रपटांत वाई ही बिहारांतील तेजपूर झाली, व २००४ सालच्या 'स्वदेस' या चित्रपटांत मेणवलीचा घाट चरणपूर नांवाच्या कल्पित खेड्याचा घाट झाला. आज येणाऱ्या मंडळींपैकीं कित्येक जण तो घाट नाना फडणविसांचा म्हणून नव्हे, तर चित्रपटांतला म्हणून पाहावयास येतात. यांत त्यांचा दोष नाहीं. खरी ओळख कोणी करून दिली नाहीं, म्हणजे मिळेल ती ओळख मनुष्य पत्करतो.

विराटनगरीविषयीं थोडें स्पष्ट लिहिणें अवश्य आहे. महाभारतांतील विराट हा मत्स्य देशाचा राजा. तो देश हल्लींच्या राजस्थानांत जयपूरच्या आसपास होता असें विद्वान मानतात, आणि त्याची राजधानी म्हणून तेथील बैराट या गांवाकडे बोट दाखवितात. त्या बैराटास अशोकाचे लेखही सांपडले आहेत. कर्नाटकांतील हनगल या गांवाचाही विराटनगर असण्याचा दावा जुना आहे. तेव्हां वैराटगड या नामसादृश्यावरून वाई म्हणजे विराटनगरी हें ठरत नाहीं. परंतु म्हणून ही परंपरा टाकाऊ आहे असेंही नव्हे. आपल्या गांवाचा संबंध भारतकथेशीं जोडण्याची इच्छा येथील लोकांस होती, एवढी गोष्ट ती निश्चित सांगते.

वाईच्या परिसराचें प्राचीनत्व सिद्ध करण्यास पांडवांची गरजही नाहीं. वाईपासून थोड्या अंतरावर लोहारे गांवाजवळ डोंगरांत बौद्ध लेणीं खोदलेलीं आहेत. त्यांतील एका लेण्यांत दगडी स्तूप आहे. त्याचा वरचा भाग नाहींसा झाल्यावर पुढील काळांतील भाविकांनीं उरलेल्या भागास शिवलिंग मानिलें व पालपेश्वर म्हणून त्याची पूजा चालू केली. या एका शिळेंत दोन धर्मांचा इतिहास आहे. भिक्षूंचा संघ येथें राहून गेला हें तिच्या घडणीवरून कळतें, आणि संघ गेल्यावरही स्थानाचें पावित्र्य गेलें नाहीं हें तिच्या पूजेवरून कळतें. मात्र पालट कोणत्या पिढींत झाला हें शिळा सांगत नाहीं. दगडाच्या साक्षीची मर्यादा ही अशी असते.

आतां लोकपरंपरेचें एक उदाहरण घेऊं. वाईस कृष्णाबाईचा उत्सव होतो. माघापासून चैत्रापर्यंत निरनिराळ्या घाटांवर तो एकामागून एक साजरा करितात. त्या त्या आळीचे लोक नदीस देवी मानून तिची मूर्ति घाटावर आणितात, पूजाअर्चा, कीर्तनें व भोजनें होतात. या उत्सवाचें मूळ अफजलखानाच्या स्वारीशीं जोडतात. वाई परगणा विजापूरकरांकडून खानाकडे होता, व १६५९ सालीं शिवाजी महाराजांवर चालून येतांना त्याचा तळ वाईस पडला होता. हें संकट टळलें तर कृष्णाबाईचा उत्सव करूं, असा नवस त्या वेळीं बोलण्यांत आला, अशी कथा आहे. खान मारला गेला तो १० नोव्हेंबर १६५९ रोजीं, म्हणजे शके १५८१ च्या मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस. तेथून माघमास दोन महिन्यांच्या आंत येतो. नवस फेडावयाचा तो शक्य तितक्या लौकर, या रीतीस हा कालक्रम धरून आहे. म्हणजे कथा तिथीशीं विसंगत नाहीं, इतकें आम्हांस म्हणतां येतें. विसंगत नसणें व सिद्ध होणें यांत मात्र अंतर आहे. उत्सवाच्या खर्चाचा, वर्गणीचा किंवा इनामाचा जुन्यांत जुना कागद कोणत्या सालचा निघतो, यावर पुढील निर्णय अवलंबून राहील.

वाईचें आजचें रूप मुख्यत्वें पेशवाईंत घडलें, आणि तें घडविण्यांत रास्ते घराण्याचा हात मोठा होता. भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई ही नानासाहेब पेशव्यांची पत्नी. तिच्या बंधूंनीं वाईस देवळें व वाडे बांधिले. आनंदराव भिकाजी रास्ते यांनीं काशीविश्वेश्वराचें देऊळ १७५७ त बांधिलें. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं महागणपतीचें, म्हणजे ढोल्या गणपतीचें देऊळ १७६२ त. आणि महालक्ष्मीचें देऊळ आनंदरावांनींच १७७८ त, अशीं सालें दिलेलीं आढळतात.

हीं तीन सालें नुसतीं पाठ केल्यास त्यांतून कांहींच निघत नाहीं. पुण्याच्या इतिहासाशेजारीं मांडल्यास पुष्कळ निघतें. १७५७ त नानासाहेबांचा अंमल होता, म्हणजे रास्ते हे पेशव्यांचे मेहुणे होते. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतचा घात झाला. त्याच वर्षीं २३ जून रोजीं नानासाहेब वारले, व सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. रास्ते मेहुण्याचे मामा झाले. ढोल्या गणपतीचें देऊळ त्यानंतरच्याच वर्षाचें. महाराष्ट्रांत घरोघर सुतक असतां, आणि माधवराव व रघुनाथराव यांच्यांतील कलह उघड होत असतां, वाईस एवढें मोठें काम सिद्धीस जात होतें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. काम पानिपतापूर्वीं सुरू होऊन रेंगाळलें होतें, कीं पानिपतानंतर हातीं घेतलें? पैसा रास्त्यांचा खाजगी कीं सरंजामाचा? दगड कोठल्या खाणीचा, पाथरवट कोठले, त्यांस मजुरी काय दिली? देवळाकडे पाहून यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. कारखान्याच्या हिशेबांत तीं सर्व उत्तरें एका पानावर मिळतात. शेवटचें देऊळ सवाई माधवरावांच्या बालपणांतलें. तेव्हां राज्याचा कारभार नाना फडणविसांच्या हातीं होता, व नानांचें मेणवली गांव वाईच्या शेजारींच होतें.

ढोल्या गणपतीच्या देवळाची रचना मात्र दगड स्वतःच समजावून सांगतो. देऊळ नदीच्या अगदीं कडेस घाटावर आहे. कृष्णेस पावसाळ्यांत पूर येतो, व महाबळेश्वराच्या डोंगरांतून उतरलेल्या पाण्याचा लोंढा सरळ भिंतीवर आदळला तर भिंत ढांसळावयाची. म्हणून देवळाची मागील बाजू सपाट न ठेवितां माशाच्या आकारासारखी निमुळती बांधिली आहे. पाणी तिजवर दुभंगतें व दोहों बाजूंनीं निघून जातें. पुलाच्या खांबांस जी युक्ति योजितात तीच ही. ज्यानें ही रचना योजिली त्यास नदीचा स्वभाव ठाऊक होता. अखंड शिळेंतून कोरलेली ती भव्य मूर्ति पाहून यात्रेकरू परततात. देवळाच्या मागें वळून ही भिंत पाहणारे थोडे. जिज्ञासूंनीं ती अवश्य पाहावी.

वाईपासून सुमारें एका कोसावर मेणवली आहे. हें गांव पंतप्रतिनिधि भवानराव त्रिंबक व रघुनाथ घनश्याम मंत्री यांजकडून १७६८ त नाना फडणविसांस मिळालें. नानांनीं तेथें अनेक चौकांचा वाडा, कृष्णेवर अर्धचंद्राकृति घाट, व घाटावर मेणेश्वर महादेवाचें आणि विष्णूचें अशीं दोन देवळें बांधिलीं. वाड्यांत भिंतींवर जुनीं चित्रें आहेत. मेणेश्वराच्या देवळाजवळ लहानशा दगडी मनोऱ्यांत एक मोठी घंटा टांगलेली आहे, तिजविषयीं थोडें विस्तारानें लिहितों.

ही घंटा हिंदु देवळासाठीं ओतलेली नव्हे. तिजवर बालक येशूसह मेरीची आकृति असून १७०७ हें साल आहे. ती पोर्तुगिजांच्या चर्चमधील होय. चिमाजी अप्पांनीं मे १७३९ त वसई घेतली, तेव्हां तेथील चर्चमधील घंटा विजयचिन्हें म्हणून वरघाटीं आणिल्या, व त्या निरनिराळ्या देवळांस दिल्या. भीमाशंकरास अशी एक घंटा आहे. नाशिकास नारोशंकराच्या देवळांतील घंटेवर १७२१ हें साल आहे. मेणवलीची घंटाही त्यांपैकींच मानितात.

घंटेवरील अंक पाहून देवळाचा काळ ठरविण्याची चूक नवशिका करितो. धातूवरील साल हें ओतण्याचें साल, टांगण्याचें नव्हे. नाशिकचें उदाहरण पाहावें. घंटा १७२१ ची, वसईचा विजय १७३९ चा, देऊळ १७४७ चें. विजय व देऊळ यांत आठ वर्षांचें अंतर पडतें, तें फार नव्हे. मेणवलीस तसें नाहीं. चिमाजी अप्पा डिसेंबर १७४० त वारले. नाना फडणवीस जन्मले फेब्रुवारी १७४२ त. मेणवली त्यांस मिळाली १७६८ त. म्हणजे चिमाजी अप्पांनीं ही घंटा मेणवलीच्या देवळास दिली असें जें सर्रास सांगतात, तें संभवत नाहीं. त्यांच्या हयातींत मेणवलीशीं नानांचा संबंधच नव्हता. वसईचा पाडाव व मेणवलीचें इनाम यांमध्यें एकोणतीस वर्षें आहेत. या एकोणतीस वर्षांत घंटा कोठें तरी ठेविलेली असली पाहिजे. सरकारी कोठींत असेल, दुसऱ्या एखाद्या देवळांत असेल, किंवा एखाद्या सरदाराच्या वाड्यांत असेल. एवढी जड वस्तु हलवावयाची म्हणजे गाडा, बैल, बेगारी व खर्च आला. आणि पेशवाईंत खर्च आला म्हणजे त्याची नोंद आली. कोठीच्या जाबत्यांत, रोजकीर्दींत किंवा देवस्थानाच्या यादींत एक ओळ असली तरी पुरे आहे. ती ओळ पितळेवर सांपडणार नाहीं; ती कागदावरच शोधिली पाहिजे.

कागदाच्या बाबतींत वाईचें भाग्य मोठें. नानांचें मेणवलीचें दप्तर इतिहासज्ञांत प्रसिद्ध आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं त्यांतील पुष्कळ कागद उजेडांत आणिले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ त काढिला. त्यांतील १७५० ते १७६१ या काळांतील पत्रें वाईसच मिळालेलीं होतीं. ग्रँट डफ हे १८१८ पासून १८२२ पर्यंत वाईपासून एका मजलेवर, साताऱ्यास, अधिकारावर होते. त्यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ त प्रसिद्ध झाला. त्यानंतर बहात्तर वर्षांनीं हीं पत्रें छापून बाहेर पडलीं. राजवाड्यांनीं त्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींतील मजकूर अस्सल पत्रांशीं ताडून पाहिला, आणि बखरी व डफ या दोहोंवर विसंबून चालणार नाहीं हें दाखवून दिलें. मराठी इतिहाससंशोधनाची जी रीत आज आपण पाळतों, तिचा पाया वाईच्या एका दप्तरानें घातला असें म्हटलें तरी अतिशयोक्ति होणार नाहीं.

कागद व वास्तु यांचा मेळ घालतांना कालगणनेकडे लक्ष द्यावें लागतें. देवळांचे काळ शकांत सांगतात, हिशेब सुहूर सनांत असतात, आणि आपण इसवी सनांत लिहितों. शक चैत्रांत बदलतो, सुहूर सन मृगाच्या आरंभीं बदलतो, इसवी सन जानेवारींत बदलतो. शके १६८४ हा मार्च १७६२ पासून मार्च १७६३ पर्यंत चालला. त्यांतील वैशाख सुहूर ११६२ मध्यें पडतो, म्हणजे 'इसन्ने सितैन मया व अलफ'; कार्तिक मात्र ११६३ मध्यें, म्हणजे 'सलास सितैन मया व अलफ'; आणि माघ इसवी सन १७६३ मध्यें. एका देवळाविषयीं दोन पुस्तकांत एकेका वर्षाचा जो फरक दिसतो, त्याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें. महिना व तिथि ठाऊक असल्यावांचून शकाचें इसवी साल करूं नये, हा नियम पाळल्यास अर्धे वाद मिटतील.

वर जीं उदाहरणें दिलीं त्यांवरून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानीं आली असेल. वाईचे उरलेले प्रश्न मोठमोठ्या खलित्यांनीं सुटावयाचे नाहींत. कृष्णाबाईच्या उत्सवाची वर्गणी, गणपतीच्या देवळाची मजुरी, घंटेच्या गाड्याचें भाडें, अशा क्षुल्लक नोंदींनींच ते सुटतील. आणि नेमके असेच कागद नष्ट होत आहेत.

आमच्या पाहण्यांत असा एक रुमाल आला होता. घर वाईजवळच्याच एका खेड्यांतलें. नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. रुमाल सोडविला तेव्हां त्यांत मोडी कागदांचीं सुमारें तीन वितींचीं बंडलें होतीं, प्रत्येकास सुती दोरा व वर एक चिठी. पुढें कांहीं महिन्यांनीं आम्ही पुन्हां गेलों, तों एक व्यापारी येऊन गेला होता. शिक्का असलेले व मोर्तब स्पष्ट उठलेले तेवढे कागद त्यानें निवडून विकत नेले. दोरे तोडले, चिठ्या फेंकल्या. बाकीचा हिशेबी ढीग घरच्या मंडळींनीं निरुपयोगी समजून रद्दींत घातला. शिक्क्याचे कागद आज कोठल्या तरी संग्रहांत चौकटींत लावलेले असतील. ते ज्यानें घेतले त्यानें पदरचे पैसे मोजले, व तो त्यांची निगाही राखीत असेल. परंतु तो कागद कोणाच्या घरचा, कोणत्या बंडलांतला, त्याच्या मागें व पुढें काय होतें, हें सांगणारें आतां कोणी उरलें नाहीं. शेजारचे कागद गेले म्हणजे राहिलेल्या कागदाची अर्धी वाचा जाते.

व्यापारी घेणाऱ्यासाठीं निवडतो. म्हणून आमची विनंति व्यापाऱ्यांस नसून संग्राहकांस आहे. रुमाल मिळाला तर तो अख्खा घ्यावा. सुटा शिक्क्याचा कागद कोणी आणिला तर तो कोठून आला हें विचारल्याशिवाय घेऊं नये. बंडलांचा क्रम मोडूं नये. मोडावाच लागला तर प्रत्येक कागदाचा मूळ अनुक्रम पेन्सिलीनें वेगळ्या कागदावर टिपून ठेवावा. पाठीवरील शेरे, तारखेचे चरण व दोऱ्यावरील चिठी यांची नक्कल मूळ मजकुराइतक्याच काळजीनें करावी. कागदास डिंक, चिकटपट्टी किंवा प्लॅस्टिकचा पापुद्रा लावूं नये. छायाचित्रें घ्यावयाचीं तर दोन्ही बाजूंचीं घ्यावीं, व तीं बंडलाच्या क्रमानें ठेवावीं. ज्या घरचा कागद आहे त्या घराचें, गांवाचें व दिवसाचें नांव लगेच लिहून ठेवावें. स्मरणावर विसंबूं नये.

ज्यांस स्वतः सांभाळणें शक्य नाहीं त्यांनीं संस्थेकडे जावें. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हें काम करीत आलें आहे. पारसनिसांनीं साताऱ्यास उभारलेला संग्रह १९३९ त पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आला, म्हणून तो अभ्यासकांस आजही पाहतां येतो. संस्कृत पोथ्यांच्या बाबतींत तर वाईस दूर जावयास नको. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढील केवलानंद सरस्वती, यांनीं तेथें प्राज्ञपाठशाळा चालविली. विनोबा भावे तेथें शिकून गेले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याच परंपरेंतले. धर्मकोशाचें कार्य तेथून झालें, व मराठी विश्वकोशाचें कार्यालयही वाईसच झालें. ज्या गांवांत विद्येची ही परंपरा आहे, त्या गांवच्या घरांतील कागद रद्दीच्या भावानें जावेत हें शोभणारें नाहीं.

वाईच्या घाटांस भेट देणाऱ्या वाचकांनीं ढोल्या गणपतीची मागील भिंत व मेणवलीच्या घंटेवरील अंक हीं दोन्हीं स्वतः पाहावींत, एवढें सुचवून हा लेख पुरा करितों. १७३९ ते १७६८ या वर्षांतील कोठीच्या अगर देवस्थानाच्या हिशेबांत पोर्तुगीज घंटेचा उल्लेख कोणाच्या संग्रहांत आढळल्यास, त्याची नक्कल तिथि व बंडलाच्या निर्देशासह या त्रैमासिकाकडे पाठवावी. एका ओळीचा उल्लेखही चालेल.